लोणगुरुजींचा फळा

लोणगुरुजींनी मला दशक शिकवलं त्या दिवशी माझ्या पुढच्या दाताचा तुकडा पडला. शाळेच्या अंगणात त्यांनी फक्कीने कबड्डीचं मैदान आखलं, आम्हा तिसरीतल्या पोरांना एका बाजूला सुटंसुटं उभं केलं आणि दुसऱ्या बाजूने स्वतः चढाईला आले. आम्ही सैरावैरा पळालो. गुरुजींचा पंजा एकेकाच्या पाठीत असा बसत होता की पोरगं मातीत तोंड खुपसूनच थांबायचं. "हे एकक मेलं! हे पन मेलं!" असं ओरडत त्यांनी सगळं अंगण रिकामं केलं. मग धाप न लागता म्हणाले, "आता दहा जनांनी हात धरा. साखळी करा आनि माझ्यावर या. हात सोडला तर बघा." आम्ही गेलो. दहा जणांची साखळी अंगावर पडली तेव्हा ते धिप्पाड धूड पहिल्यांदा खाली आलं. साखळीच्या टोकाला मी होतो. हिसका असा बसला की मी थेट झेंड्याच्या खांबावर जाऊन आदळलो. माझ्या तोंडातून रक्त येत होतं आणि गुरुजी मातीतून ओरडत होते, "ह्याला दशक म्हनतात रं! सुटी एककं मेली, पन दशकानं मला मारला!"

रक्त पुसायला त्यांनी स्वतःच्या धोतराचा सोगा दिला. दाताचा तुकडा शोधायला सगळा वर्ग लावला. तो सापडला नाही. मी घरी जाऊन रडलो तेव्हा आईने विचारलं, "मास्तरानं मारलं काय तुला?" मी म्हणालो, "नाय गो, शिकवलं." आणि ते खरंच होतं.

त्यांचं कागदावरचं नाव चांगलं देवाधर्माचं होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी वापरात यायचं. आमचं गाव खाडीच्या अलीकडे, पेण तालुक्यात. पलीकडचं गाव रोहा तालुक्यात. आम्ही त्यांना पल्याडचे म्हणायचो, ते आम्हाला अल्याडचे. दोन्ही गावांत गुरुजींना लोणगुरुजीच म्हणत. ते मूळचे कोलाडकडचे. तरुणपणी कबड्डी खेळून नाक दोनदा मोडून घेतलेलं, डावा कान चुरगळलेल्या पापडासारखा. छडीला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही. "छडी हा भित्र्या मास्तराचा हात हाय," असं म्हणायचे. स्वतःचे दोन हात असताना उसना हात कशाला, असा त्यांचा हिशेब. त्या दोन हातांखालून गेलेल्या पोरांना मात्र छडी परवडली असती.

वर्गात दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या वर्गात काशिनाथ होता. आम्ही त्याला काश्या म्हणायचो. चौथीतच त्याला मिसरूड फुटायला आलं होतं, मांड्या केळीच्या खुंटासारख्या. मी म्हणजे वाऱ्याने उडेन असा. गुरुजींनी काश्याला उजवीकडे उभं केलं, मला त्याच्या डावीकडे. "काश्या नऊ. म्हाद्या एक. दोघांत मोठा कोन?" सगळे ओरडले, "काश्या!" गुरुजी म्हणाले, "दिसायला व्हय. पन म्हाद्या उभा हाय दशकाच्या जागेवर. हा मरतुकडा आता दहा हाय." काश्याला ते पटलं नाही. त्याने मला ढकलून माझी जागा घेतली. गुरुजी खूश झाले. "बघा! आता झाले एक्क्याण्णव. जागेसाठी मारामारी हुते ती अशी." मग त्यांनी काश्याच्या कानशिलात एक ठेवून दिली, कारण ढकलायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हेच त्यांनी मैदानातही केलं. काश्याला मधे ठेवलं आणि मला डाव्या कोपऱ्यात. बघणारे हसायचे. पण चढाई करणारा हसत हसत माझ्या अंगावर आला की मी त्याच्या घोट्याला मिठी घालायचो आणि मग काश्या वरून दरड कोसळावी तसा यायचा. एकदा निडी गावच्या एका गड्याची फासळी त्यात गेली. गुरुजींनी त्याला स्वतः पाठीवर घेऊन स्टेशनापर्यंत नेलं आणि वाटभर त्याच्याशी पकडीबद्दल बोलत राहिले.

काश्याचं डोकं मात्र आकड्यांत चालत नव्हतं. दहाला 'एकावर शून्य' का लिहायचं, हे त्याला किती गुद्दे खाऊनही कळेना. शेवटी गुरुजींनी त्याला मैदानात नेलं. "एक गडी बाद, दोन बाद, असं करत सातच्या सात बाद झाले की काय व्हतं?" काश्या म्हणाला, "लोण चढतो." "मग सुटे गडी किती उरले?" "एक पन नाय." "तर मग लिव. लोण एक, गडी शून्य." काश्याने मातीत बोटाने १० काढले आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला आजही दिसतो. त्या दिवसापासून त्याने सगळ्या वर्गाला लोणाचे आकडे शिकवले. सहाच्या पुढे आम्ही थेट दहा लिहू लागलो. ही चूक सगळ्या महाराष्ट्रात फक्त आमच्याच शाळेत होऊ शकत होती.

पुढे तपासणीला साहेब आले. त्यांनी काश्याला विचारलं, "आठवड्याचे दिवस किती? फळ्यावर लिही." काश्याने ठोकून १० लिहिले. साहेब हसले. मग त्यांनी दुसऱ्याला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. आठवडा काही दहाच्या खाली येईना. गुरुजी म्हणाले, "साहेब, पोरं चुकलेली नायत. त्यांचा गठ्ठा साताचा हाय. आपला दहाचा, कारन आपल्याला बोटं दहा." साहेब भला माणूस होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचं खरं आहे. पण ही पोरं परीक्षेला बसणार आहेत, मैदानात नाही." हेही खरंच होतं. गुरुजींनी मान खाली घातली. पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली पल्याडच्या शाळेत झाली. लोणगुरुजी हे नाव त्यांच्याबरोबर होडीत बसून गेलं.

होडी दाऊदचाचांची. अल्याड-पल्याड नेआण करणारी ती एकच होडी. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, चाचांनी उर्दू आकड्यांत पंचेचाळीस रंगवले होते. त्यातला पाच बदामासारखा दिसायचा. गुरुजी राहायला पेणला, शाळा आता पल्याड, म्हणून रोज त्या होडीतून ये-जा. तो आकडा त्यांना फार आवडायचा. ते म्हणायचे, "चाचा, तुमची भाषा उजवीकडून चालते. मग हे पंचेचाळीस का चौपन्न?" चाचा वल्हं न थांबवता सांगायचे, "हर्फ, म्हंजे अक्षरं, उजवीकडून, गुरुजी. पन आकडा तुमच्याच वाटेनं. दहाई डाव्या हाताला." गुरुजी दर वेळी नव्याने ऐकल्यासारखे मांडीवर थाप मारायचे. शाळेतल्या रोमन घड्याळावर मात्र त्यांचा राग होता. त्यात पाचाला वेगळी खूण, दहाला वेगळी फुली. "म्हंजे ज्याला जन्मताना जी किंमत मिळाली ती मरेपर्यंत. कुठंही उभा राहा. असलं गाव नको रं बाबा."

त्याच होडीत अल्याड-पल्याडची पोरं एकमेकांना चावायची. मी स्वतः एकाचा अंगठा दातात धरलेला आठवतो. चाचा वल्ह्याच्या पाठीने दोघांनाही सारखंच झोडायचे. आम्हाला भांडायला कारण लागत नव्हतं, पण मोठ्यांकडे एक होतं. खाडीच्या मधोमध गाळाचं बेट वर आलेलं आहे. गुरांना चांगलं गवत होतं तिथे. ते गवत कुणाचं, यावरून माझ्या आज्याच्या काळापासून डोकी फुटत आली होती.

गुरुजी पल्याड गेले त्या साली, दिवाळीची सुट्टी संपली आणि बेटावर कोयते चालले. आमच्या एकाचा खांदा हाडापर्यंत उघडा पडला. पल्याडच्या एका माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटं जागेवर तुटून चिखलात पडली. माझा बाप त्या दिवशी घरी आला तो अंगणातच थांबला आणि आईने पाणी दिल्यावर आधी कोयता धुतला. मी ते उंबऱ्यावर उभा राहून पाहत होतो. कुणाचं रक्त, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळा सुटताच आमच्या गावात आले. देवळापुढे माणसं जमली होती. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही. एवढंच सांगितलं, "त्या मानसाची पोरगी माझ्या वर्गात हाय. घरी ती बापाच्या बोटांवर मोजायची. आज मला म्हनते, गुरुजी, बाबाच्या हातांवर आता दशक व्हत नाय." माझा बाप जमिनीकडे बघत होता. मग गुरुजी म्हणाले, "तुम्हाला मारामारी पायजे ना? मी देतो. दरसाल एक सामना. अल्याड-पल्याड. रोह्याच्या मैदानात, दोघांच्याही अंगणात नाय. जिंकेल त्यानं त्या सालचं गवत कापायचं. हाडं मोडा, दात पाडा, मातीत घासून गुडघे सोला. ते खेळातलं रक्त. पन मारलेलं रक्त सांडलं, काठीचं, दगडाचं, मुठीचं, तर त्या दिवशी मी शाळा सोडीन. पल्याड पन हेच सांगून आलो हाय."

लोकांना वाटलं, मास्तर बोलून जातो. पण काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चांगलं ठाऊक होतं. पेणला गणपतीच्या कारखान्यात त्या मूर्तींचे डोळे रंगवायला जात. त्या आम्हाला म्हणाल्या, "पोरांनो, ह्यांनी शब्द दिलाय आणि हे तो पाळणार. शाळा सुटली तर हा माणूस घरात बसून खांबाला पकडी घालील. माझं घर तेवढं वाचवा." त्या हसत बोलल्या खऱ्या, पण हातातला कुंचला थांबला होता.

सामने सुरू झाले. आणि काय सामने! मी पुढे बऱ्याच ठिकाणी खेळलो, पण त्या मैदानात जसा मार खाल्ला आणि दिला तसा कुठे नाही. कोपरं बरगडीत घुसायची, नखं पाठीवर नांगर चालवायची, कुणाचा खांदा निखळायचा आणि तो तिथेच बसवून घेऊन परत आत यायचा. पण शिट्टी झाली की हात खाली. दोन्ही गावांना गुरुजींची शाळा जपायची होती. फळा त्यांच्याकडे असायचा, कारण अल्याड आणि पल्याड दोघांचा विश्वास बसेल असा दुसरा गुणलेखकच नव्हता. लाकडी फळीला प्रत्येक संघासाठी दोन खिळे, डावा दशकाचा, उजवा एककाचा. त्यांवर अडकवायच्या पत्र्याच्या पाट्या गुरुजींनी स्वतः रंगवल्या होत्या, वीतभर उंच मराठी आकडे. एका वर्षी गवत त्यांचं, एका वर्षी आमचं. बेटावर कोयते जात होते ते गवतासाठीच.

मग तो सामना आला. काश्या तेव्हा मिठागरावर कामाला होता, उन्हाने काळा ठिक्कर, बैलासारखा. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं. सामना अर्ध्यावर आला तेव्हा आमचे गुण एकोणीस, पल्याडचे अठरा. काश्या बाद होऊन रेषेबाहेर बसलेला. पल्याडचा सगळ्यात तगडा गडी चढाईला आला आणि मी त्याचा घोटा धरला. त्याने दुसऱ्या पायाची टाच माझ्या तोंडावर मारली. मी सोडलं नाही. तो मध्यरेषेपासून हातभर अंतरावर दम सोडून पडला. शिट्टी झाली. आमचे वीस.

गुरुजी उठले. एककाच्या खिळ्यावरची नवाची पाटी काढली आणि शून्याची अडकवली. मग दशकाची पाटी बदलायला दोनाची पाटी हवी होती, ती खालच्या ढिगात होती. ते वाकले. तेवढ्या वेळात फळ्यावर आमचे गुण दहा दिसत होते. बाकीच्या वर्षीही हे असंच होत असणार. पण तेव्हा कुणी त्याच क्षणी मान वर केली नव्हती.

काश्याने केली. "धा? आमचे धाच?" तो ओरडला. मागून आमच्या गावातलं कुणीतरी म्हणालं, "मास्तर पल्याडचा झाला रं! पगार पल्याडचा खातो!" काश्याने मांडवाचा बांबू उपटला. मी मैदानात पडलेला होतो, तोंडात माती आणि रक्त. मला फक्त त्याची पाठ दिसली आणि बांबू वर गेलेला दिसला. गुरुजी पाटी घेऊन सरळ होत होते. बांबू त्यांच्या डाव्या कानशिलावर बसला. सुकं लाकूड फुटावं असा आवाज आला आणि ते तोंडावर पडले.

पुढचं सगळं एकदम झालं. पल्याडची पोरं, गुरुजींचीच पोरं, काश्यावर तुटून पडली. आमची त्यांच्यावर. मांडव खाली आला. कुणी खुर्चीचा पाय मोडून घेतला, कुणी दगड. माझ्या हातात कुणाचे तरी केस आले आणि मी ते डोकं जमिनीवर आपटलं, ते कुणाचं होतं हे मला आजही ठाऊक नाही. धुळीत माणूस ओळखू येत नव्हता, फक्त बनियनचे रंग दिसत होते आणि मग तेही नाही. एका माणसाचा ओठ लोंबत होता आणि तो तसाच धावत होता.

त्या गर्दीत दाऊदचाचा गुरुजींवर पालथे पडून राहिले होते. त्यांच्या पाठीवर लाथा बसत होत्या. जरा जागा मिळताच त्यांनी गुरुजींची मूठ उघडली. पत्र्याची पाटी तळव्यात रुतलेली होती. ती काढून ते उठले आणि दशकाच्या खिळ्यावर अडकवली. मग फुटलेल्या आवाजात ओरडले, "वीस! वीस होते, कमबख्तांनो! बघा डोळे उघडून! तो मानूस वीसच लावत व्हता!" आधी जवळच्यांनी पाहिलं. मग त्यांच्या मागच्यांनी. पाटीवरचं रक्त दोनावरून खाली येत होतं. काश्याला चौघांनी धरलं होतं. फळ्याकडे बघून तो खाली बसत गेला आणि चौघांनाही सावरेना.

इस्पितळात पोलीस आला तेव्हा गुरुजी अर्धवट शुद्धीत होते. "मांडव पडला, बांबू लागला," एवढंच बोलले. दुसरं वाक्य काकूंना सांगितलं, "राजीनामा लिवून टाक." काकूंनी तो रडत लिहिला. मला त्यांचा त्या वेळी रागच आला. डोकं फुटलेल्या माणसाने शब्द कसला पाळायचा? पण तो माणूस तसलाच होता.

जखम भरली. चालायला लागले, बोलायला लागले, पापडकानावरून चेष्टाही करायला लागले. मग एक दिवस काकूंनी मला घरी बोलावलं आणि भिंतीवरची दिनदर्शिका दाखवून त्यांना विचारलं, "आज काय तारीख?" गुरुजींनी सत्तावीसवर बोट ठेवलं. "दोन," ते म्हणाले. थोडं थांबून, "सात." मी म्हटलं, "दोन्ही मिळून काय, गुरुजी?" त्यांनी खूप वेळ पाहिलं. कपाळावर घाम आला. "शेजारी उभे हायत, म्हाद्या. पन हात धरत नायत." मग ते आत गेले आणि मला त्यांचं रडणं ऐकू आलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याच्या ज्या भागाला मार बसला तिथलं हे गेलं, परत येईल याचा भरवसा नाही. नवापर्यंत सगळं शाबूत होतं. पुढे काही नाही.

मी तसाच गावी गेलो. काश्या मिठागराच्या बांधावर होता. मी त्याला मागून धरला आणि खाडीच्या चिखलात पाडला. त्याचं तोंड चिखलात दाबून धरलं. तो माझ्या दुप्पट माणूस, एका झटक्यात मला उडवला असता. त्याने हात हलवला नाही. तो मरायला तयार आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मला जास्तच संताप आला. चाचांनी होडीतून उडी मारून माझ्या मानेवर वल्हं घातलं नसतं तर मी त्याला खरंच मारला असता.

त्यानंतर काश्या दर रविवारी पेणला जाऊ लागला. काकू पहिल्या दिवशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. आतून गुरुजी म्हणाले, "येऊ दे त्याला. त्याला दशक शिकवायला मला वर्ष लागलं व्हतं. आता त्यानं मला शिकवावं." अंगणात काश्या चिंचोके मांडायचा, फक्कीने रेषा ओढायचा, शेजारची पोरं बोलावून साखळी करायचा. गुरुजी चिडायचे. एकदा पाटी भिरकावली, ती काश्याच्या भुवईवर लागून मांस दिसायला लागलं. काश्या म्हणाला, "मारा गुरुजी, आनखी मारा. पन जोडून वाचा." गुरुजींनी जोडून वाचलं नाही. नाहीच वाचता आलं. हे असं वर्षभर चाललं आणि एका रविवारी गुरुजी म्हणाले, "बास, काश्या. तू चांगला मास्तर हायस. फळाच फुटका हाय." दोघं त्या अंगणात गळ्यात गळा घालून बसले होते, असं काकूंनी सांगितलं.

इकडे सामना बंद पडल्यामुळे गवत पुन्हा कुणाचंच नव्हतं. दोन्ही गावांत कोयत्यांना धार लागत होती. माझ्या बापाने माळ्यावरचा कोयता खाली काढला तेव्हा मी पेणला धाव घेतली. गुरुजींनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सामना संपलाच कुठं? उरलेला खेळा. वीस-अठरावरून. मी येऊन बसतो. पन फळा काश्याकडं."

पल्याडचे भडकले. ज्याने गुरुजींना फोडलं त्याच्या हातात फळा? पण गुरुजींचा निरोप होता, आणि त्यांना नाही म्हणायची सवय दोन्ही गावांना नव्हती. रोह्याच्या मैदानात पुन्हा फक्की पडली. गुरुजी रेषेजवळ खुर्चीवर बसले, शेजारी काकू. काश्या खांद्यावर मोठा टॉवेल घेऊन आला. पहिला गुण झाला तसा त्याने तो टॉवेल सगळ्या फळ्यावर टाकला, आत हात घालून पाट्या बदलल्या आणि मगच काढला. अर्धवट आकडा कुणाला दिसायला नको. लग्नातल्या अंतरपाटासारखं वाटलं, आणि एवढ्या तणावातही लोक हसले. आमच्या भागातल्या गावोगावच्या सामन्यांत फळा अजून असाच झाकतात. बाहेरचे विचारतात तेव्हा कुणी फारसं सांगत नाही.

खेळ तुंबळ झाला. पल्याडच्यांनी आमच्यावर लोण चढवला. मग तो तगडा गडी, ज्याला मी त्या वर्षी पकडला होता, बाद होऊन फळ्याजवळून गेला. जाता जाता त्याने काश्याच्या तोंडावर मूठ हाणली. पुऱ्या ताकदीने, दात वाजल्याचं मी मैदानातून ऐकलं. आमच्या बाजूची माणसं अर्धी उठली, माझा बापही. काश्याने तोंड घट्ट मिटलं. एक हात वर करून आमच्या माणसांना खाली बसवलं. मग टॉवेल उचलला आणि पुढचा गुण लावला.

आम्ही हरलो. चौतीस-एकतीस. गवत पल्याडचं झालं.

गुरुजी त्यानंतर फार जगले नाहीत. मी त्यांना मैदानात पाहिलं ते हे शेवटचं. ते काकूंचा हात धरून फळ्यापाशी आले आणि वर बघत राहिले. "तीन, चार," म्हणाले. "तीन, एक." मान हलवली. "असू दे. म्हाद्या, मला एकच सांग. मारलेलं रक्त किती सांडलं?"

मी काश्याकडे पाहिलं. त्याचे गाल जरा फुगलेले होते. त्याने मिटल्या तोंडाने नकारार्थी मान हलवली, आणि त्याच्या गळ्यावरची घाटी खालीवर झाली.

"थेंब पन नाय, गुरुजी," मी म्हणालो.

"मग दे ती पाटी." मी खालच्या ढिगातून शून्याची पाटी काढून दिली. गुरुजींनी तळव्याने तिच्यावरची धूळ पुसली, फळ्यावरचे सगळे आकडे एकेक करून उतरवले आणि ती एकटीच एका खिळ्यावर अडकवली. मग ते काकूंबरोबर स्टेशनाच्या वाटेला लागले. ते नजरेआड होईपर्यंत काश्या तोंड मिटून उभा होता. मग त्याने टॉवेल तोंडाशी धरला, आणि टॉवेल लाल झाला.